एक दशांश सेकंदानं सुवर्ण हुकलं, चार वर्षांनी जिंकून दाखवलं : जपानच्या टोफूवाल्याच्या लेकीची गोष्ट

११ ऑगस्ट १९३६. जपानमध्ये मध्यरात्र होत आली होती, पण लोक झोपले नव्हते. रेडिओला कान लावून बसले होते. तिकडं जर्मनीत, बर्लिनमध्ये, भर दुपार होती आणि ऑलिम्पिकच्या तलावात महिलांची २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची अंतिम शर्यत सुरू होणार होती. त्यात एक जपानी मुलगी होती. वय २२. नाव हिदेको माएहाता.

रेडिओच्या प्रसारणाची ठरलेली वेळ संपत आली होती. समालोचक सान्सेई कासाई यांनी श्रोत्यांना आधी विनंती केली, की कृपा करून रेडिओ बंद करू नका. शर्यत सुरू झाली. सुरुवातीला ते नीट सांगत होते, कोण पुढं, कोण मागं, किती अंतर. शेवटचे ५० मीटर आले आणि त्यांचं समालोचन सुटलंच. हिदेको थोडी पुढं, जर्मनीची मार्था गेनेंगर तिच्या अगदी खांद्याला. कासाई फक्त तिचं आडनाव घेऊन जोर लाव, जोर लाव असं ओरडत राहिले. एकदा दोनदा नाही, वीसपेक्षा जास्त वेळा. आणि तिनं भिंतीला हात लावला तेव्हा ती जिंकली, जिंकली एवढंच सांगत राहिले. वेळ किती लागली, दुसरी कोण, तिसरी कोण, हे सगळं नंतर. जपानमध्ये आजही ते समालोचन लोकांना माहीत आहे. ज्यांचा जन्म त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी झाला, त्यांनाही.

पण हे झालं त्या तीन मिनिटांचं. त्या तीन मिनिटांच्या आधी काय घडलं, ते कळल्याशिवाय समालोचक एवढा का ओरडला हे कळायचं नाही.

सोयाबीन, नदी आणि अशक्त पोर

हिदेकोचा जन्म २० मे १९१४ चा. गाव हाशिमोतो, जिल्हा वाकायामा. ओसाका शहराच्या दक्षिणेला हा डोंगराळ भाग. जवळच कोया पर्वत आहे, तिथं बौद्धांचे जुने मठ आहेत, त्यामुळं यात्रेकरूंची ये-जा असते. गावाला लागून किनोकावा नावाची नदी वाहते.

घरचा धंदा टोफूचा. आपल्याकडं सोयाबीन म्हटलं की तेल, पेंड आणि पडलेला बाजारभाव आठवतो. जपानमध्ये सोयाबीनचं दूध काढतात आणि ते फाडून पनीरसारखी वडी करतात, तो टोफू. रात्री सोयाबीन भिजत घालायचं, पहाटे उठून दळायचं, उकळायचं, कपड्यातून गाळायचं, मिठागरातल्या खारट पाण्यानं फाडायचं आणि लोकांच्या न्याहारीच्या आत विकायला न्यायचं. म्हणजे आपल्याकडच्या दूधवाल्याच्या घरासारखंच. सुट्टी नाही, आणि घरातल्या पोरांनाही कामाला हात लावावा लागतो.

ही पोरगी लहानपणी तब्येतीनं नाजूक होती. पाण्यात खेळली तर अंगात बळ येईल, म्हणून घरच्यांनी तिला नदीवर न्यायला सुरुवात केली. तलाव नव्हता, मार्गदर्शक नव्हता. आपल्याकडं पोरं कमरेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकतात, तसंच तेही शिक्षण. वाहत्या पाण्यात, दगडांमध्ये, अंगानं शिकायचं.

ती शाळेत गेली तेव्हा शिक्षकांच्या लक्षात आलं, की ही पोर इतरांपेक्षा वेगळी पोहते. प्राथमिक शाळेत असतानाच तिनं शाळकरी मुलींचा विक्रम मोडला. तिचा पोहण्याचा प्रकार ब्रेस्टस्ट्रोक. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बेडूक कसा पोहतो ते आठवा. छाती पाण्याकडं, दोन्ही हात एकदम पुढं न्यायचे, बाजूला फाकवून मागं ओढायचे, आणि दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून एकदम मागं झटकायचे. हात एक मारला आणि दुसरा नंतर, असं चालत नाही. शेवटी भिंतीलाही दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. पोहण्याच्या सगळ्या प्रकारांत हा सगळ्यात हळू, पण दमवणारा. आजही २०० मीटरला महिलांचा जागतिक विक्रम २ मिनिटं १७ सेकंदांच्या पुढं आहे. हिदेकोच्या काळात ३ मिनिटांच्या आत कुणीच आलेलं नव्हतं.

१९२९ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, ती जहाजानं हवाईला गेली. तिथल्या स्पर्धेत १०० मीटरमध्ये पहिली आली आणि २०० मीटरमध्ये दुसरी. टोफूवाल्याच्या घरातली पोरगी समुद्र ओलांडून बक्षीस घेऊन आली.

तरीही पुढं काय, हा प्रश्न होताच. घरच्यांचा बेत असा, की शिक्षण इथंच थांबवायचं, पोरगी धंद्याला हातभार लावेल, मग लग्न. गावातल्या मोठ्या माणसांनी आणि शिक्षकांनी आईबापाची समजूत काढली. नागोया शहरातल्या सुगियामा या मुलींच्या शाळेनं तिला घेतलं. त्या शाळेनं पोहण्याकडं मनापासून लक्ष दिलं, मुलींसाठी तलावही बांधला. हे मुद्दाम सांगतो, कारण १९३० च्या आसपास मुलींच्या शाळेत पोहण्याचा तलाव ही कुठल्याही देशात साधी गोष्ट नव्हती.

सहा महिन्यांत आई गेली, वडील गेले

१९३१ साल तिच्यासाठी वाईट उगवलं. जानेवारीत आई गेली. मेंदूत रक्तस्राव झाला. जूनमध्ये वडील गेले, त्याच कारणानं. पोरीचं वय १७.

सगळं सोडून ती गावी परतली. आता धंद्याकडं बघावं, भावंडांना मदत करावी, पोहणं पुरे, असं तिच्या मनानं घेतलं होतं. शाळेनं आणि घरच्यांनीही तिला परत पाठवलं. आईनं एकदा सुरू केलेलं काम अर्ध्यावर टाकू नये असं तिला लहानपणापासून शिकवलं होतं, आणि तेच धरून आपण परत पाण्यात उतरलो, असं तिनं पुढं आयुष्यभर सांगितलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानला आणखी एक धक्का बसला होता. किनुए हितोमी ही धावपटू वारली. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर शर्यतीत रौप्य पदक मिळवून ऑलिम्पिक पदक जिंकणारी ती पहिली जपानी बाई. वय फक्त २४. बायकांच्या खेळाकडं आधीच नाक मुरडणाऱ्या देशात जी एक मोठी खेळाडू होती, तीही गेली. पुढच्या वर्षीच्या ऑलिम्पिकसाठी मुलींमध्ये आशा होती ती हिदेकोवर.

वीतभरही नाही एवढं अंतर

१९३२, अमेरिकेतलं लॉस एंजेलिस. आईबाप जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

२०० मीटरची अंतिम शर्यत ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर डेनिसनं जिंकली, ३ मिनिटं ६.३ सेकंद. ही पण सोळा वर्षांची पोर. तिची वेगळीच गंमत होती, पोहण्याच्या पोशाखातून पाठीचा जास्त भाग दिसतो म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार झाली होती आणि तिला बाद करण्यापर्यंत गोष्ट गेली होती. हिदेको दुसरी आली, ३ मिनिटं ६.४ सेकंद. फरक एका सेकंदाचा दहावा भाग. त्यांच्या पोहण्याच्या वेगानं हिशोब केला तर दहा-अकरा सेंटिमीटर होतात, म्हणजे अर्धी वीत.

आता विचार करा. नदीत शिकलेली, वर्षापूर्वी पोरकी झालेली १८ वर्षांची मुलगी ऑलिम्पिकमध्ये रौप्य पदक घेऊन येते. आपल्या तालुक्यात असं कुणी आलं असतं तर वेशीपासून मिरवणूक निघाली असती. हिदेको स्वतःही खूश होती. आपलं काम झालं, आता निवृत्ती, असंच तिच्या मनात होतं.

पण त्या ऑलिम्पिकमध्ये जपानच्या पुरुष पोहणाऱ्यांनी सहापैकी पाच सुवर्णपदकं मारली होती. त्यामुळं सोन्याची सवय झाली होती. शिवाय टोकियो शहराला १९४० चं ऑलिम्पिक आपल्याकडं आणायचं होतं आणि टोकियोचे महापौर हिदेजिरो नागाता त्यासाठी धडपडत होते. सत्काराच्या वेळी नागातांनी तिचं अभिनंदन केलं, पण त्याच्या जोडीला हेही सांगितलं, की ते एक दशांश सेकंद फार मनाला लागलं, मला सुवर्ण हवं होतं, पुढच्या बर्लिनच्या वेळी ही कसर भरून काढ. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, असं म्हणतात.

त्यांचा हेतू वाईट नसेल. पण एवढ्या मोठ्या माणसानं अशा पोरीला रौप्य कमी पडलं म्हणून सांगावं, हे मला काही पटत नाही. खेळाडूच्या खांद्यावर देशाचं ओझं ठेवायची ही पद्धत तेव्हाही होती आणि आजही आहे. पदक आलं की आपलं, नाही आलं की त्याचं. आणि हे ओझं टाकणारा माणूस स्वतः कधी पाण्यात उतरत नाही.

तिला निर्णय घ्यायला वेळ लागला. त्या काळी मुलीचं लग्नाचं वय झालेलं, पुढची चार वर्षं घालवायची म्हणजे २२ वर्षांची होणार. आणि एकदा हो म्हटलं की मग मागं फिरता येणार नाही, हे तिला कळत होतं. शेवटी तिनं हो म्हटलं.

दिवसाला वीस किलोमीटर

यापुढची चार वर्षं म्हणजे नुसतं पाणी. ती दिवसाला २०,००० मीटर पोहायची असं सांगतात, म्हणजे २० किलोमीटर. आपल्याकडं जवळच्या बाजाराच्या गावाला जाण्याएवढं अंतर, रोज, पाण्यातून, ते पण बेडकासारखं.

त्याचा परिणाम लगेच दिसला. १९३३ मध्ये तिनं २०० मीटर ३ मिनिटं ०.४ सेकंदात पोहून जागतिक विक्रम केला. लॉस एंजेलिसपेक्षा सरळ सहा सेकंद कमी. आता कुठल्याच शंकेला जागा नव्हती, जगात या अंतराला तिच्याएवढी वेगवान बाई नव्हती. आणि हेच पुढं अवघड झालं, कारण आता हरायला परवानगीच उरली नाही.

बर्लिनचं ऑलिम्पिक म्हणजे हिटलरचं ऑलिम्पिक. सगळीकडं झेंडे, सगळीकडं सैनिकी थाट. आपल्या ध्यानचंदांच्या हॉकी संघानं सुवर्ण जिंकलं तेही इथंच, हिदेकोच्या शर्यतीनंतर चार दिवसांनी. स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, ३१ जुलैला, १९४० चं ऑलिम्पिक टोकियोला द्यायचं ठरलं. नागातांची इच्छा पूर्ण झाली. आता सगळ्या जपानचं लक्ष या पोरीकडं.

देशातून तारा येत होत्या, ढिगानं. सगळ्यांचा मजकूर साधारण एकच, जिंकून ये. कुणी देवळातले ताईत पाठवले. प्राथमिक फेरीतच तिनं आणि गेनेंगरनं जुना ऑलिम्पिक विक्रम मोडला होता, म्हणजे लढत कुणाशी आहे ते उघड झालं होतं. गेनेंगर घरच्या तलावात पोहणार होती, प्रेक्षक तिचेच.

हिदेकोनं नंतर सांगितलं, की त्या दिवसांत तिला झोप लागत नव्हती. हरलो तर जिवंत परत जायचं नाही, परतीच्या जहाजातून समुद्रात उडी घ्यायची, असं तिच्या मनात येत होतं. शर्यतीआधी तिनं ताइतातला कागद पाण्याबरोबर गिळला, हेही तिनंच सांगितलेलं. २२ वर्षांच्या पोरीच्या मनात पोहण्याच्या शर्यतीसाठी मरणाचा विचार यावा, यावरून ते ओझं केवढं होतं ते ओळखा.

शर्यत झाली. हिदेको आधीपासून थोडी पुढं होती, शेवटच्या ५० मीटरमध्ये गेनेंगर जवळ येत गेली. तेव्हाच कासाई रेडिओवर ओरडायला लागले. शेवट असा : हिदेको ३ मिनिटं ३.६ सेकंद, गेनेंगर ३ मिनिटं ४.२ सेकंद. अंतर दोन फुटांच्या आसपास. तिसरी आली डेन्मार्कची इंगे सोरेनसन, वय १२ वर्षं, म्हणजे आपल्याकडची सहावी-सातवीतली पोर. वैयक्तिक प्रकारात ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती सगळ्यात लहान खेळाडू.

एक गोष्ट लक्षात घ्या. हिदेकोचा स्वतःचा विक्रम ३ मिनिटं ०.४ सेकंदांचा होता, आणि सुवर्ण मिळालं ते त्याहून तीन सेकंदांनी हळू पोहून. तिच्या अंगात यापेक्षा जास्त वेग होता. पण त्या दिवशी ती एकटी पोहत नव्हती. मेलेले आईबाप, महापौर, तारा पाठवणारे हजारो लोक, सगळ्यांना पाठीवर घेऊन ती पोहत होती. हा माझा अंदाज, पण आकडा तोच सांगतो.

ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली जपानी बाई ठरली.

सोन्यानंतर

गावी परत आली तेव्हा जे व्हायचं ते झालं, गर्दी, सत्कार, वर्तमानपत्रं. पण पुढचं ऑलिम्पिक झालंच नाही. जपानचं चीनशी युद्ध पेटलं, १९३८ मध्ये टोकियोनं ते ऑलिम्पिक सोडून दिलं, आणि थोड्याच काळात सगळं जगच युद्धात गेलं. ज्या स्पर्धेच्या स्वप्नासाठी महापौरांनी तिच्याकडं सुवर्ण मागितलं, ती स्पर्धा कागदावरच राहिली.

हिदेकोनं १९३७ मध्ये मासाहिको ह्योदो या डॉक्टरांशी लग्न केलं. ती हिदेको ह्योदो झाली, दोन मुलं झाली. बहुतेक खेळाडूंची गोष्ट इथं संपते. फोटो भिंतीवर, पदक कपाटात, आणि वर्षातून एकदा कुणीतरी भाषणात नाव घेतं.

हिदेकोबाईंचं तसं झालं नाही. त्या नागोयात पोहायला शिकवायला लागल्या, आणि त्यांनी शिकवायला कुणाला घेतलं ते बघा. पदकं आणतील अशा निवडक मुलींनाच नाही, तर संसारी बायकांना. पोरंबाळं झालेल्या, कधी पाण्यात न उतरलेल्या, पोहण्याचा पोशाख घालायला लाजणाऱ्या आयांना. आयांसाठी असे पोहण्याचे वर्ग जपानमध्ये रुळवण्याचं मोठं श्रेय त्यांना देतात. लहान मुलांनाही त्यांनी शिकवलं. इथं कुणी घड्याळ लावून बसत नव्हतं. एक दशांश सेकंदाचा हिशोब नव्हता. पाण्याची भीती गेली, तब्येत सुधारली, एवढंच माप. अशक्त पोरीला बळ यावं म्हणून घरच्यांनी नदीत सोडलं होतं, तिथंच त्या फिरून आल्या असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडंही हे पटण्यासारखं आहे. नदी, विहीर, शेततळं रोजच्या वाटेवर, आणि पोहता येणाऱ्या बायका किती, तर बोटावर मोजण्याएवढ्या. पोरगा विहिरीत सूर मारतो, त्याची बहीण काठावर कपडे धूत उभी असते. जपानी बायकांचंही फार वेगळं नव्हतं.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय जलतरण सन्मान दालनात त्यांचं नाव लागलं. १९८३ मध्ये त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. ज्या दुखण्यानं आई गेली, वडील गेले, तेच दुखणं. वय ६९. पण त्या वाचल्या. आणि मग पुन्हा सराव, या वेळी हातपाय हलवण्याचा. हळूहळू व्यायाम करत करत त्या पुन्हा तलावापर्यंत पोचल्या आणि पाण्यात उतरल्या. मला विचाराल तर बर्लिनपेक्षा हे पोहणं मोठं, पण याचं समालोचन रेडिओवर झालं नाही.

१९९० मध्ये जपान सरकारनं त्यांना सांस्कृतिक योगदानाचा मोठा राष्ट्रीय सन्मान दिला. खेळातल्या बाईला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ.

त्यांच्या गावानं आणखी एक कमाल केली. हाशिमोतोच्याच मासारु फुरुकावा या पोरानं १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक जिंकली. बहुतेक अंतर पाण्याखालून पोहत. पुढं हे असं पाण्याखालून पोहण्यावर नियमानं बंदी आली. एकाच नदीकाठच्या छोट्या गावातून, एकाच प्रकारात, दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं.

महिलांचं मात्र लवकर जमलं नाही. हिदेकोबाईंनंतर पोहण्यात सुवर्ण आणणारी दुसरी जपानी बाई यायला ३६ वर्षं लागली, १९७२ मध्ये मायुमी आओकी, तेही बटरफ्लाय प्रकारात. २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण परत यायला ५६ वर्षं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये क्योको इवासाकी ही १४ वर्षांची शाळकरी मुलगी जिंकली. तिच्याकडून कुणी सुवर्ण मागितलं नव्हतं, कारण ती जिंकेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. तेव्हा हिदेकोबाई ७८ वर्षांच्या होत्या.

२४ फेब्रुवारी १९९५ ला, वयाच्या ८० व्या वर्षी, त्या वारल्या. हाशिमोतोत आज त्यांच्या आणि फुरुकावाच्या आठवणी जपणारं दालन आहे, आणि किनोकावा नदी गावाला लागून तशीच वाहते.